मोंढ्यातून सॉफ्टवेअरचा व्यवसाय उभा करताना

ज्यांच्या हाताशी सहा-आठ महिन्यांचा घरखर्च, एक बऱ्यापैकी लॅपटॉप आणि प्रोग्रामिंगचे कामापुरते ज्ञान आहे, आणि ज्यांना पुण्याची गाडी न पकडता मराठवाड्यातच सॉफ्टवेअरचा व्यवसाय सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आमचा व्यवसाय परभणीचा. कृषी सेवा केंद्रांची, म्हणजे खत-बियाणे विकणाऱ्या दुकानांची, उधारी आणि साठा यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही चालवतो आणि चार माणसे त्यावर जगतो. बाहेरचा पैसा घेतलेला नाही. पुढचे सगळे विवेचन याच एका धंद्याच्या आधाराने केले आहे. वाचणाऱ्याने आपल्या डोक्यातला धंदा त्या जागी ठेवून पाहावा, मग तो जालन्याच्या मोसंबी व्यापाऱ्यांचा असो, लातूरच्या खासगी शिकवण्यांचा असो किंवा वाळूजमधल्या लहान वर्कशॉपचा असो.

धंदा निवडणे

आधी गिऱ्हाईक निवडावे, सॉफ्टवेअर मागून ठरते. पहिले वीस ग्राहक मोटारसायकलने तासाभरात गाठता येतील असे असावेत, कारण पहिल्या वर्षी प्रत्येकाकडे दहा-बारा वेळा तरी जावे लागते, आणि फोनवर "चालतंय, चालतंय" म्हणणारा दुकानदार महिनाभर वहीतच लिहीत होता, हे त्याच्या दुकानात पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. मुंबई किंवा बंगळूरच्या ग्राहकासाठी काम करणाऱ्याला ही सोय नसते. आपल्याला ती फुकट मिळालेली आहे, ती वाया घालवू नये.

दुसरे असे की, ज्या अडचणीवर तो धंदा आजही काही ना काही खर्च करतो आहे, अशीच अडचण हाती घ्यावी. खर्च रुपयांतच असतो असे नाही. दुकानदाराची रोज रात्रीची दीड तासाची जागरणे, हंगामापुरता ठेवलेला मुनीम किंवा दरवर्षी बुडणारी बाकी, हाही खर्चच आहे. जिथे असा खर्च दिसत नाही तिथे लोक तुमच्या कल्पनेचे कौतुक करतील, चहा पाजतील आणि पैसे देताना "बघू दिवाळीनंतर" म्हणतील.

मग पायी फिरून दुकाने मोजावीत. समजा, एका तालुक्यात ६० दुकाने भरली, त्यांपैकी तिसरा हिस्सा, म्हणजे २० दुकाने, दोन-तीन वर्षांत आपल्याकडे येतील असे धरले आणि वर्षाचे शुल्क ४,००० रुपये ठेवले, तर एका तालुक्याचे ८०,००० रुपये होतात. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. सगळीकडे हाच हिशेब लागला तर ७ लाख २० हजार. या रकमेत दोन माणसांचा बेताचा पगार, सर्व्हर आणि पेट्रोल बसते. गुंतवणूकदाराला हा आकडा दाखवला तर तो हसेल, आणि त्याच्या जागी त्याचे हसणे बरोबरही आहे. तुम्हाला मात्र हा आकडा कागदावर मांडल्याने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळतात: एका जिल्ह्यात आपण किती माणसांचे पोट भरू शकतो, आणि दुसऱ्या जिल्ह्यात कधी जावे लागणार आहे.

दुकानात बसणे

आम्ही बिलाचे सॉफ्टवेअर करायचे ठरवून निघालो होतो. कोड लिहायच्या आधी मे महिन्यात मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, एका दुकानात चार दिवस बसून राहिलो आणि तो बेत तिथेच मोडला. अनुदानित खताची विक्री ई-पॉस यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा घेऊन होत होती, बाकीचे बिल छापील बुकावर फाटत होते. पद्धत गैरसोयीची खरी, पण काम उरकत होते. दुकानदाराची खरी ओढाताण रात्री आठनंतर सुरू व्हायची. तो लांबट लाल वही उघडायचा, जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर एका गावाचे नाव लिहायचा, आणि त्या गावच्या बाकीदारांची नावे वहीच्या निरनिराळ्या पानांवरून शोधून त्याखाली उतरवायचा. दुसऱ्या दिवशी त्याला त्या गावी लग्नाला जायचे असे. घडी घातलेला तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवून तो मांडवात हिंडायचा आणि आहेर देता देता चार जणांना बाकीची आठवण करायचा.

त्या यादीत आणखी एक गंमत होती. एका गावात एकाच नावाचे तीन शेतकरी असतात, म्हणून नावापुढे "टाकीजवळचा", "पाटलाचा धाकला", "काळा ट्रॅक्टर" अशा खुणा लिहिलेल्या होत्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही नाव, गाव आणि मोबाइल यांच्यानंतर "खूण" नावाचा रकाना आहे. संगणकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकातून तो सुचला नसता, आणि विकायला गेल्यावर दुकानदार सर्वांत आधी त्याच रकान्यावर बोट ठेवतात.

तेव्हा बसावे, पाहावे आणि कमी बोलावे. "असं अॅप केलं तर वापराल का?" हा प्रश्न विचारूच नये, कारण समोर बसलेल्या पोराला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, "वापरू की" हेच उत्तर येते आणि त्याच्या भरवशावर सहा महिने वाया जातात. त्याऐवजी झालेल्या गोष्टीबद्दल विचारावे. बाकीची यादी शेवटची कधी केली, तिला किती वेळ लागला, मागच्या हंगामातली किती रक्कम अजून यायची आहे, ती वसूल करायला कोण गेले होते. या प्रश्नांची उत्तरे आठवून द्यावी लागतात, म्हणून ती खरी असतात.

हाताने चालवून पाहणे

अडचण सापडली म्हणजे लगेच सॉफ्टवेअर लिहायला बसावे असे नाही. आम्ही पाच दुकानदारांना सांगितले की वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, रात्री दहाच्या आत गाववार यादी पीडीएफमध्ये परत मिळेल. महिन्याचे ३०० रुपये. यादी करणारे "यंत्र" म्हणजे मी, माझी बहीण आणि गूगल शीट. सहा आठवडे आम्ही दुसऱ्याच्या अक्षरातली "शिंदे" आणि "शेंडे" ही नावे वेगळी ओळखत बसलो होतो. या पद्धतीत कमीपणा काहीच नाही. अमेरिकेत १९९९ साली बुटांची ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्या निक स्विनमर्नने आधी माल भरला नव्हता. त्याने गावातल्या दुकानातल्या बुटांचे फोटो काढून संकेतस्थळावर लावले आणि मागणी आली की त्याच दुकानातून जोड विकत घेऊन पाठवला. त्या जोडामागे त्याला काही सुटत नव्हते, पण लोक न घालून पाहता बूट घेतात का, याचे उत्तर त्याला गोदाम न बांधता मिळाले. पुढे तीच झॅपोस कंपनी झाली.

हाताने काम केल्यावर जे कळते ते पुढे कोडमध्ये जसेच्या तसे उतरते. रोखीने कीटकनाशक घेणाऱ्याला सूट असते आणि उधारीवाल्याला छापील किंमत, म्हणजे एकाच मालाचे दोन भाव ठेवावे लागणार, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले. शेतकरी बाकी एकदम फेडत नाही, सोयाबीनचे एक पोते विकले की हजार आणि कापूस गेला की पाच हजार असे तुकड्यांनी देतो, हेही तेव्हाच कळले. पाचांपैकी दोघांनी दुसऱ्या महिन्याचे पैसे न मागता दिले. त्या दिवशी मी सॉफ्टवेअर लिहायला घेतले. कोणीच दिले नसते तर मी दुसरी अडचण शोधली असती, आणि नुकसान सहा आठवड्यांचेच झाले असते.

पहिले सॉफ्टवेअर

पहिल्या रूपात तीन पडदे होते: नाव शोधणे, उधारी किंवा जमा लिहिणे, आणि गाववार यादी छापणे. साठा नव्हता, बिल नव्हते, आलेख तर नव्हतेच. ते तयार व्हायला पाच आठवडे लागले. पहिले रूप दोन महिन्यांत दुकानात पोचत नसेल तर त्यात काहीतरी जास्तीचे आहे असे समजून निम्मे काढून टाकावे.

तंत्रज्ञान जुने, मुरलेले आणि स्वतःला पूर्ण येणारे निवडावे. पोस्टग्रेससारखा मोफत डेटाबेस, जँगो किंवा लॅरावेलसारखी जुनी चौकट (फ्रेमवर्क) आणि महिन्याला हजार रुपयांच्या आत मिळणारा एक लहान सर्व्हर, एवढ्यावर शेकडो दुकाने आरामात चालतात. प्रत्येक ग्राहकासाठी सॉफ्टवेअरची वेगळी प्रत करू नये. सर्वांसाठी एकच प्रणाली ठेवावी, नाहीतर चाळिसाव्या दुकानाला एक दुरुस्ती चाळीस वेळा करावी लागते. रोज रात्री डेटाची प्रत दुसऱ्या ठिकाणी जावी, आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून पाहावे. ही शेवटची गोष्ट लोक करत नाहीत. आम्हीही करत नव्हतो. एकदा गरज पडली तेव्हा अकरा दिवसांच्या प्रती रिकाम्या निघाल्या आणि तीन दुकानांच्या नोंदी वहीवरून आम्ही स्वतः पुन्हा भरून दिल्या.

आपल्या भागातल्या काही खास अडचणी आहेत. जुना डेटा पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असतो. तो दिसतो मराठी, पण संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, म्हणून युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय शोध चालत नाही. नावाचे ऱ्हस्व-दीर्घ प्रत्येकाचे वेगळे, म्हणून आम्ही मोबाइलच्या शेवटच्या चार अंकांवरून शोधायची सोय केली आणि तीच सर्वाधिक वापरली जाते. बाजाराच्या दिवशी गर्दीने इंटरनेट रांगायला लागते, आणि नेमका तोच दिवस विक्रीचा. तेव्हा नोंद आधी फोनमध्येच साठावी आणि जोडणी आली की वर जावी, ही व्यवस्था पहिल्या रूपातच हवी. बाकी पुष्कळ गोष्टी पुढे ढकलता येतात, ही नाही.

आणि एक प्रश्न प्रत्येक दुकानात येतोच: "माझी उधारी शेजारच्याला दिसंल का?" एकाच गल्लीतली सहा दुकाने आपली ग्राहक असतात, त्यामुळे ही शंका रास्त आहे. एका दुकानाचा डेटा दुसऱ्याला कोणत्याही वाटेने दिसणार नाही याची चाचणी दर बदलानंतर आपोआप चालली पाहिजे. शेतकऱ्यांची नावे, फोन आणि कर्ज ही व्यक्तिगत माहिती आहे आणि २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याची जबाबदारीही येते. कंपन्या अशा याद्या विकत मागायला येतात. आमच्याकडेही आल्या, आणि त्या महिन्यात पैशांची गरज असूनही आम्ही नाही म्हटले. मोंढ्यात अशी गोष्ट लपून राहत नाही.

पैसा आणि हंगाम

फुकट देऊ नये. पहिल्या ग्राहकापासून थोडे तरी पैसे घ्यावेत, कारण पैसे दिलेला माणूस तक्रार करतो आणि फुकट घेतलेला माणूस गप्प बसून वापर सोडून देतो. किंमत ठरवताना आपल्या खर्चाकडे पाहू नये, दुकानदाराच्या टळणाऱ्या नुकसानीकडे पाहावे. वर्षाला एखादी पाच हजारांची बुडीत बाकी जरी वसूल झाली तरी ४,००० रुपयांचे शुल्क निघते, एवढा हिशेब दुकानदार तुमच्यापेक्षा लवकर करतो.

मासिक शुल्क आपल्याकडच्या शेतीशी बांधलेल्या धंद्यात टिकत नाही. मृगाच्या आधी दुकानदाराचा सगळा पैसा मालात अडकलेला असतो, जून-जुलैत माल उधारीने जातो, आणि सोयाबीन बाजारात आल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या पुढे, वसुली सुरू होते. जुलैत त्याच्याकडे ३३० रुपये मागायला जाणे म्हणजे दोघांचाही अपमान. म्हणून वर्षाचे शुल्क एकदम घ्यावे आणि नूतनीकरणाची तारीख नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवावी. ही साधी गोष्ट समजायला आम्हाला एक अख्खे वर्ष लागले. तोवर उधारी वसूल करण्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचीच उधारी अर्ध्या मोंढ्यावर होती.

मात्र यातून दुसरा धोका उभा राहतो. ६० दुकानांचे २ लाख ४० हजार रुपये दोन महिन्यांत खात्यात आले की माणूस स्वतःला श्रीमंत समजू लागतो. वार्षिक शुल्काच्या पहिल्या वर्षी आम्ही त्या पैशांतून कार्यालय भाड्याने घेतले, टेबल-खुर्च्या केल्या आणि एप्रिलमध्ये सर्व्हरचे बिल घरच्या पैशाने भरले. ते पैसे आलेले असतात, कमावलेले नसतात. पुढचे बारा महिने सेवा द्यायची असते. आता आम्ही दोन खाती ठेवतो. शुल्क एका खात्यात जमा होते आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा बारावा भाग, या उदाहरणात २०,००० रुपये, चालू खर्चाच्या खात्यात जातो. खर्च त्यात बसला पाहिजे. बसत नसेल तर नवे काहीही करण्याआधी खर्च कमी करायचा.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. एकट्याने सुरुवात करत असाल तर एकल मालकी पुरेशी आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती करून ठेवावी. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. नोंदणी केली की ४,००० चे ४,७२० होतात आणि लहान दुकानदाराला ते ७२० रुपये दिसतातच. वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांना विकत असाल तर गोष्ट वेगळी: त्यांना जीएसटीचे बिल हवे असते आणि ते पैसे उशिरा देतात. तिथे उद्यम नोंदणीचा उपयोग होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागते, आणि आयकर कायद्यातल्या अलीकडच्या तरतुदीमुळे ही मुदत चुकवणाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. भागीदार असतील तर मात्र पहिल्या महिन्यातच लेखी करार करावा आणि हिस्सा चार वर्षांत हळूहळू मिळेल, वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काही मिळणार नाही, असे त्यात लिहावे. मैत्रीत हे बोलायला जड जाते. नंतर त्याहून जड जाते.

नाही म्हणणे

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या व्यापाऱ्याने आम्हाला बोलावले. त्याची खताची तीन दुकाने होती आणि सिमेंटची एजन्सीही. सिमेंटचाही हिशेब बसवून द्या, पैशांची काळजी करू नका, असे तो म्हणाला. आम्ही दोन महिने त्या कामात घातले. ट्रकचे भाडे, गोणी फुटल्याची तूट, साइटवर माल उतरवल्याची नोंद, सगळे केले. तोवर बाकीच्या दुकानांच्या दुरुस्त्या पडून राहिल्या, चार दुकाने सोडून गेली, आणि त्या व्यापाऱ्याने दिवाळीत एजन्सीच बदलून नव्या कंपनीचे तयार सॉफ्टवेअर घेतले. त्याचा काही दोष नव्हता. पैसेही त्याने ठरल्याप्रमाणे दिले. चूक आमची होती, कारण एकाच्या पैशासाठी आम्ही साठ जणांचे काम थांबवले.

त्यानंतर आम्ही नियम केला. वेगवेगळ्या तीन गावांच्या दुकानदारांनी आपण न विचारता तीच गोष्ट मागितली, आणि त्यांपैकी एकाने तरी तिच्यासाठी आज काय खटपट करतो ते दाखवले, तरच ती कामाच्या यादीत येते. साठ्याचा भाग असाच आला. बियाण्याचा लॉट क्रमांक आणि कीटकनाशकाची मुदत संपण्याची तारीख तपासणीच्या वेळी वहीतून शोधताना दुकानदारांची धांदल उडते, हे तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत सांगितले. ते केले, आणि नूतनीकरणाच्या वेळी लोकांनी त्याचे नाव घेतले. मात्र नकार तोंडावर देऊ नये. "मालक, लिहून ठेवतो" म्हणावे, खरोखर लिहून ठेवावे आणि तिसरा माणूस भेटण्याची वाट पाहावी.

कोणते आकडे पाहावेत

किती जणांनी अॅप उतरवून घेतले हा आकडा पाहूच नये. गेल्या सात दिवसांत किती दुकानांनी किमान एक नोंद केली, हा आकडा सोमवारी सकाळी फळ्यावर लिहावा. दुसरा आकडा गळतीचा. मासिक शुल्काच्या धंद्यात दर महिन्याला ५ टक्के ग्राहक गळत असतील तर १०० पैकी वर्षाअखेर ५४ उरतात. गळती २ टक्क्यांवर आणली तर ७८. म्हणजे नवे ग्राहक आणण्यासाठी जाहिरातीवर पैसा घालण्याआधी जाणारे का जातात हे त्यांच्या दुकानात जाऊन विचारणे कितीतरी स्वस्त पडते. सोडून गेलेला माणूस सहसा मोकळेपणाने बोलतो.

एक खबरदारी घ्यावी. आठवड्या-आठवड्याच्या वाढीचे तक्ते शहरातल्या व्यवसायांसाठी ठीक असतील; आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये खताच्या दुकानात माशा मारत बसावे लागते आणि फळ्यावरचा आकडा निम्म्याने पडतो. पहिल्या वर्षी मी त्याला गळती समजून घाबरलो होतो. या जूनची तुलना मागच्या जूनशीच करावी, मागच्या मेशी नाही.

माणसे आणि बाहेरचा पैसा

पहिला नोकर प्रोग्रामर नसावा. आम्ही कृषी पदविका झालेली आणि दोन हंगाम काउंटरवर काम केलेली एक मुलगी ठेवली, आणि फोनवरच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, कारण युरियाची गोणी ४५ किलोची असते आणि डीएपीची ५० किलोची, हे तिला शिकवावे लागले नाही. चांगला प्रोग्रामर इथे तयार होतो आणि दोन वर्षांत हिंजवडीला जातो. त्याचा राग धरू नये, फक्त कोणतेही महत्त्वाचे काम एकट्याच्याच डोक्यात राहणार नाही एवढे लिहून ठेवायला लावावे. माणसे कमी असली म्हणून काम लहान राहते असेही नाही. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सअॅप विकत घेतले तेव्हा तिथे जेमतेम ५५ माणसे होती.

गुंतवणूक घ्यावी का, हा प्रश्न धंद्याच्या आकारावर सोडावा. ज्याची बाजारपेठ काही जिल्ह्यांची आहे त्याने गुंतवणूकदाराकडे जाऊ नये; त्याला दहा-वीसपट वाढ हवी असते आणि ती देण्याच्या नादात आपला बसलेला धंदा मोडतो. १९९६ मध्ये सुरू झालेली सॉफ्टवेअरची झोहो आणि २०१० मध्ये सुरू झालेली शेअर दलालीची झेरोधा या कंपन्या बाहेरचे भांडवल न घेता ग्राहकांच्या पैशावर वाढल्या, तेव्हा हा मार्ग गरिबांचाच आहे असे मानायचे कारण नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या दादासाहेब भगत यांनी टाळेबंदीच्या काळात गावी परतून गोठ्याच्या जागेत डिझाइनचे काम उभे केले आणि 'शार्क टँक इंडिया' या टीव्हीवरच्या कार्यक्रमातून गुंतवणूक मिळवली ती त्यानंतर. त्यांचे उत्पादन देशभर विकता येण्यासारखे होते, म्हणून तिथे ती शोभली.

यंत्र बनवण्यासारखे किंवा संशोधनाचे काम असेल तर अनुदानाचा विचार करावा. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्राच्या बीज निधी योजनेत इन्क्युबेशन केंद्रामार्फत (नव्या व्यवसायांना हात देणाऱ्या केंद्रामार्फत) २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, पण त्यासाठी नोंदणीकृत कंपनी किंवा एलएलपीसारखी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीसारखी) संस्था लागते. एकल मालकीला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही. अर्ज करण्याआधी योजनेची आजची स्थिती पाहून घ्यावी. छत्रपती संभाजीनगरात उद्योजकांच्या संघटनेने उभे केलेले मॅजिक हे असेच इन्क्युबेशन केंद्र आहे, विद्यापीठातही केंद्र आहे. अशा ठिकाणी निधीपेक्षा कारखानदारांच्या ओळखी जास्त कामाच्या ठरतात, असे मला वाटते. स्पर्धांत बक्षिसे घेत फिरणाऱ्यांचे धंदे मात्र मी फारसे उभे राहिलेले पाहिले नाहीत.

दुसऱ्या जिल्ह्यात जाताना

पहिल्या तालुक्यातल्या वीसपैकी सतरा-अठरा दुकानांनी आपण न जाता नूतनीकरण केले की शेजारच्या तालुक्यात जावे, आणि दोन-तीन तालुक्यांत तसे झाले की जिल्हा ओलांडावा. १ जून ते १५ जुलै या काळात सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बदल सोडू नये आणि नवे ग्राहकही जोडू नयेत. पेरणीच्या गर्दीत शिकवायला कोणाकडे वेळ नसतो आणि त्या दिवसांत झालेली एक चूक दुकानदार पुढच्या तीन हंगामांत विसरत नाही.

नव्या जिल्ह्यात पुन्हा तिथल्या दुकानात चार दिवस बसावे, जरी धंदा तोच असला तरी. आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला गेलो तेव्हा सगळे माहीत आहे अशाच थाटात गेलो आणि डिसेंबरात शुल्क मागितले. वसमतचा पैसा हळदीचा. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, शिजवून-वाळवून मग बाजारात येते, आणि दुकानदाराची वसुली उन्हाळ्यात होते. बीडकडच्या गावांत वेगळेच निघाले: ऊसतोडीला जाणारे कुटुंब दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघते, म्हणून दुकानदार बाकी त्याआधीच मागतो आणि गाववार यादी त्याला सप्टेंबरातच हवी असते. त्यामुळे नूतनीकरणाची तारीख आणि यादीची आठवण देण्याचा महिना हे दोन्ही आम्ही कोडमधून काढून दुकानागणिक बदलता येतील असे केले. काम दोन दिवसांचे होते.